वारूळ, अळूचं पान आणि आपला स्लॅब

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

'निसर्ग – माझा गुरू' हा निबंध आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत एकदा तरी लिहिलेला असणार. मी तो कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीतून लिहिला, तुम्ही कदाचित मराठीतून, मजकूर तोच! सूर्य शिस्त शिकवतो, मुंगी कष्ट शिकवते, झाड परोपकार शिकवतं... दहापैकी आठ मार्क ठरलेले. मग आपण बारावी होऊन इंजिनिअरिंगला येतो आणि हे गुरुजी अचानक गायब होतात.

आमच्या स्थापत्य शाखेत निसर्ग भेटतो तो बहुतेक वेळा 'लोड' म्हणून. वारा भेटतो आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात. भूकंप भेटतो आयएस १८९३ मध्ये. पाऊस वॉटरप्रूफिंगच्या चॅप्टरमध्ये, आणि ऊन तर जवळजवळ कुठेच नाही. म्हणजे निसर्ग हा इमारतीवर चालून येणारा शत्रू आणि इंजिनिअर म्हणजे त्याला अडवणारा पहारेकरी. हे खोटं नाही. वाऱ्याचा लोड धरलाच पाहिजे, नाहीतर शेड उडून जाईल. पण एवढंच खरं आहे का? ज्या वाऱ्याला आपण भिंतीवरचा दाब म्हणून मोजतो, तोच वारा खोली थंड करू शकतो, हे गणित आपण कधी करतो?

मित्रांनो, या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. निसर्गाकडून इमारत शिकायची म्हणजे त्याचा आकार उचलायचा नाही, त्याचं काम समजून घ्यायचं. आणि हे शिकायला परदेशात जायची गरज नाही. आपल्या शहरात आणि आजूबाजूला याची इतकी उदाहरणं आहेत की त्यांच्यावर एक सेमिस्टर सहज निघेल.

आकार की काम?

'नेचर इन्स्पायर्ड आर्किटेक्चर' असं म्हटलं की डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? दिल्लीचं लोटस टेंपल. फरीबोर्ज साहबा या वास्तुविशारदाची ही इमारत १९८६ मध्ये पूर्ण झाली. संगमरवराने मढवलेल्या २७ पाकळ्या, भोवती पाण्याचे तलाव. दिसायला अप्रतिम, यात वादच नाही. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या या स्टेशनच्या दगडात पानं, फुलं, पक्षी, प्राणी सगळं कोरलेलं आहे. हाही निसर्गच; पण तो भिंतीवरचा दागिना आहे. तो दागिना काढून ठेवला तरी इमारत तशीच उभी राहील, तशीच तापेल आणि तशीच गळेल.

आता दुसरं उदाहरण. अळूचं पान! आपल्या भाषेत 'अळवावरचं पाणी' हा वाक्प्रचार आहे. जे टिकत नाही, क्षणात घरंगळून जातं, त्याला आपण असं म्हणतो. आपल्या आज्यांनी अळूवड्या करताना हे रोज पाहिलं. कमळाच्या पानावरही पाणी असंच थांबत नाही. जर्मनीच्या बॉन शहरातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी ते पान शक्तिशाली मायक्रोस्कोपखाली ठेवलं. दिसायला गुळगुळीत असणारं पान प्रत्यक्षात अतिसूक्ष्म उंचवट्यांनी भरलेलं होतं आणि त्या उंचवट्यांवर मेणाचा थर होता. पाण्याच्या थेंबाला पानावर टेकायला जागाच मिळत नाही. तो गोल होतो, घरंगळतो आणि जाता जाता धूळ सोबत घेऊन जातो. त्यांनी १९९७ मध्ये हे सविस्तर मांडलं आणि थोड्याच काळात याच तत्त्वावरचा इमारतीच्या बाहेरच्या भिंतीचा रंग बाजारात आला. पावसाने स्वतःच धुतली जाणारी भिंत!

फरक लक्षात आला? लोटस टेंपलने कमळाचं रूप घेतलं. त्या रंगाने कमळाचं काम घेतलं. तो रंग लावलेली भिंत कमळासारखी अजिबात दिसत नाही, पण ती कमळासारखी वागते. माझ्या मते इंजिनिअरचा निसर्ग हा दुसरा आहे. पहिला करायला चित्रकार पुरेसा आहे.

आयत्या बिळावर नागोबा

वारूळ म्हटलं की आपल्याला नागपंचमी आठवते. नाग तिथे राहतो हे खरं असलं तरी तो तिथला मालक नव्हे, बिल्डर तर नाहीच. ते बांधते वाळवी. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण उगाच नाही पडली. आंधळ्या कामकरी वाळव्या, ना ड्रॉइंग, ना सुपरवायझर, आणि तरीही माणसापेक्षा उंच वारूळ उभं राहतं.

झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारेमध्ये, ईस्टगेट सेंटर नावाची दुकानं आणि ऑफिसांची एक मोठी इमारत आहे. मिक पिअर्स या वास्तुविशारदाने ती १९९६ मध्ये वाळवीच्या वारुळावरून प्रेरणा घेऊन उभी केली. नेहमीची एसी यंत्रणा तिथे नाही. रात्रीची थंड हवा पंख्यांनी आत ओढायची, ती जाड काँक्रीटमधून फिरवायची, म्हणजे रात्रभर ते काँक्रीट गार होतं. दिवसा हवा त्याच पोकळ जमिनीतून खोल्यांत येते, गरम झाली की वर चढते आणि चिमण्यांमधून बाहेर पडते. शिवाय बाहेरून छज्जे आणि सावली. जगभरच्या पुस्तकांत हे उदाहरण दिलं जातं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला जास्त आवडतो. ती इमारत बांधली तेव्हा समज असा होता की वारुळात गरम हवा वर जाते, गार हवा खालून येते आणि आतलं तापमान कायम राहतं. पुढे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी वारुळांचा बारकाईने अभ्यास करून २००८ मध्ये दाखवलं की प्रकरण इतकं सरळ नाही. वारुळातलं तापमान मुख्यतः भोवतालच्या जमिनीसोबत, ऋतूप्रमाणे बदलतं. वरचा उंच भाग चिमणीपेक्षा फुप्फुसासारखा जास्त वागतो. वाऱ्याच्या कमीजास्त झुळुकांनी आतली हवा हलते आणि बाहेरच्या हवेशी अदलाबदल होते. म्हणजे इमारत छान चालली, पण वारूळ अजून बरंच काही शिकवायचं बाकी होतं! निसर्ग हा एकदा वाचून कपाटात ठेवायचं टेक्स्टबुक नाही, त्याची नवी एडिशन सतत निघत असते.

आणखी एक गोष्ट. हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, तिथल्या रात्री गार असतात. आपलं शहर त्यापेक्षा बरंच खाली आहे आणि आपल्या मे महिन्याच्या रात्री कशा असतात हे सर्वांना माहीत आहे. तेव्हा ईस्टगेटचं ड्रॉइंग उचलून जालना रोडवर ठेवलं तर ते चालेलच असं नाही. नक्कल निसर्गाची असो की परदेशी इमारतीची, आयत्या बिळावर बसणाऱ्या नागोबाला बीळ कसं बांधतात हे कधीच कळत नाही.

डोंगर वाचणारी माणसं

आता घरी येऊ. वेरूळ आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर. ट्रिपला जातो, फोटो काढतो, परत येतो. मी सगळ्यांना विनंती करेन, एकदा इंजिनिअरच्या नजरेने जा.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट तयार झाला. या दगडाला थर आहेत, उभ्या भेगा आहेत, कुठे घट्ट तर कुठे पोकळ फुगे आहेत. कैलास लेणं (क्रमांक १६) हे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं मानलं जातं. ते वरून खाली कोरलेलं आहे. आधी कळस, मग पाया! आपण शिकलो त्याच्या बरोबर उलट. मागचा कडा तीस मीटरहून उंच आहे. तो डोंगर वरून कोरत आल्यामुळे उंच परांची बांधायचा प्रश्नच मिटला. कारागीर ज्या दगडावर उभा, तोच दगड खाली जात राहिला. मंदिर कुणी 'बांधलं' नाही. दगडात जे नको होतं ते काढून टाकलं. त्यासाठी कुठला कडा घट्ट, कुठे भेग, पावसाचं पाणी कुठून येईल, हे आधी वाचावं लागलं असणार. इथे एक घाव चुकला तर दगड परत चिकटवता येत नाही. आपल्याकडे अनडूचं बटन असतं, त्यांच्याकडे नव्हतं.

तिथेच क्रमांक १० चं विश्वकर्मा लेणं आहे. त्याला लोक 'सुतार झोपडी' म्हणतात. वर बघितलं की छताला एकामागोमाग एक लाकडी वासे दिसतात. फक्त ते दगडाचे आहेत. लाकडी घरात वासे छत पेलतात. इथे ते काहीच पेलत नाहीत, कारण छत म्हणजे अख्खा डोंगर आहे! म्हणजे इतक्या थोर कारागिरांनीही सवयीचा आकार नव्या मटेरियलमध्ये तसाच आणला. मला हे बघून फार बरं वाटतं. आकाराचा मोह आजचा नाही. फरक इतकाच की त्यांनी आकार दागिन्यासारखा वापरला आणि मूळ काम डोंगराच्या स्वभावाप्रमाणे केलं. आपण आज बरेचदा दागिनाही दुसऱ्याचा आणि कामही दुसऱ्याचं आणतो.

वेरूळची अजून एक गंमत. तिथल्या गिलाव्यात चुना आणि मातीसोबत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, असा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्या दोघांपैकी एक जण भारतीय पुरातत्त्व विभागात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलेले, आणि दुसरे आपल्याच विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. कीड आणि ओलावा यांना तोंड द्यायला या तंतूंचा उपयोग झाला असावा, असं त्यांचं म्हणणं. आपण फायबर रीइन्फोर्स्ड काँक्रीटवर सेमिनार देतो तेव्हा पहिली स्लाइड अमेरिकेची असते. पहिली स्लाइड वेरूळची का नको?

पंप नसलेलं पाणी

आता शहरात या. १६१० च्या सुमारास मलिक अंबरने खडकी वसवली. हेच आजचं छत्रपती संभाजीनगर. वसवताना त्याच्यासमोर पहिला प्रश्न पाण्याचा होता. उत्तरेकडच्या डोंगरांत पावसाचं पाणी मुरतं, दगडाच्या भेगांतून आणि मुरमातून हळूहळू खाली सरकतं, हे त्या वेळच्या लोकांनी ओळखलं. डोंगर म्हणजे एक मोठा स्पंज. तो पिळायचा नाही, फक्त खाली भांडं धरायचं! जमिनीखालून बोगद्यासारखी वाट काढून, ठरावीक अंतरावर हवेसाठी आणि साफसफाईसाठी तोंडं ठेवून, उतार सांभाळत ते पाणी शहरात आणलं. ही नहर-ए-अंबरी. वीज नाही, पंप नाही, फक्त उतार.

पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीची नहर झाली. हर्सूलकडून मातीच्या नळांतून पाणी येतं, उंच भिंतीत चढतं आणि हौदात कोसळतं. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि तिथे येणाऱ्या फकीर-प्रवाशांसाठी पीठ दळलं जायचं. पाणी वर कसं चढतं? आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये बर्नुलीचं समीकरण पाठ करतो, ते इथे तीनशे वर्षं उभं आहे. उगम उंचावर आहे, म्हणून नळाच्या दुसऱ्या टोकाला पाणी आपोआप वर येतं. आणि मोठा हौद खालच्या दालनाचं छत आहे! छतावर पाणी म्हणून खालचं दालन उन्हाळ्यात गार. एकाच पाण्याने जातं फिरवलं, तहान भागवली आणि खोली थंड केली.

याच्या शेजारी आजचं चित्र ठेवा. आज शहराचं बरंचसं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं, पन्नासेक किलोमीटरवरून, पंपांनी वर चढवून. वीज गेली की पाणी गेलं. लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढली, त्यामुळे नहरीने आज शहराची तहान भागेल असं मी अजिबात म्हणत नाही. पण डोंगर तेच आहेत, पाऊस तोच आहे, उतारही तोच. औरंगपुऱ्यात पुस्तकं घ्यायला आपण सगळेच जातो. तिथल्या नाल्याकडे कधी नीट पाहिलंय? तो खाम नदीकडे जाणारा पाण्याचा नैसर्गिक रस्ता आहे. आपल्या लेखी तो फक्त नाक दाबून पार करायची जागा. मोठा पाऊस झाला की पाणी आपला जुना रस्ता शोधत दुकानांच्या पायऱ्या चढतं, आणि आपण म्हणतो, 'निसर्गाचा कोप!' उताराला कोप बिप काही नसतो. पाणी त्याचा अभ्यास करून येतं, आपण करत नाही.

सूर्य डोक्यावर, काच पश्चिमेला

आता थोडं गणित. आपलं शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ २० अंशांवर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. म्हणजे आपल्या ऐन उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन कुठे पडतं? भिंतींवर नाही, छतावर. आणि दुपारनंतर सूर्य खाली उतरतो तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवर.

हे दोन मुद्दे ज्याला कळले, त्याने इमारत कशी बांधावी? छत जाड किंवा पांढरं किंवा सावलीत. पश्चिमेला खिडक्या कमी, छज्जे खोल, जमल्यास झाड. औरंगपुरा-गुलमंडीच्या जुन्या गल्ल्यांत जे थोडे वाडे शिल्लक आहेत ते बघा. जाड भिंती, मधे चौक, लहान खिडक्या, आणि गल्लीच इतकी अरुंद की एका घराची सावली दुसऱ्यावर. आणि आपण आज काय बांधतो? पाच इंची स्लॅब उघड्या आकाशाखाली, आणि पश्चिमेला रस्ता असला तर तिकडेच अख्खी काच! काचेचा दर्शनी भाग ही थंड देशांतली गोष्ट. तिथे ऊन आत यावं म्हणून काच लावतात. आपण ऊन आत घेतो आणि मग ते बाहेर काढायला एसी लावतो. एसीची गरम हवा गल्लीत सोडतो, आणि गल्लीत चालणारा माणूस दुकानदाराचं लाइट बिल घामाने भरतो.

होस्टेलच्या टॉप फ्लोअरवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आपल्यावर ओततो. रात्री अकराला पंखा लावला की तो हवा देत नाही, वाफ देतो. परीक्षा नेमकी एप्रिल-मेमध्ये. ओल्या चादरी, गच्चीवर बादल्या ओतणं, कूलरला पाणी आणि पाण्याची मारामार... हा प्रश्न सोसण्याचा आणि 'ॲडजस्ट' करण्याचा नाही. हा डिझाइनचा प्रश्न आहे, आणि आपण डिझाइन शिकायलाच इथे आलोय!

माळवद आणि किल्लारी

इथे कुणी म्हणेल, 'मग काय, जुन्या घरांत परत जायचं?' हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर टाळून चालणार नाही.

मराठवाड्याचं जुनं घर म्हणजे माळवदाचं घर. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत शिरलं की अंगाला गारवा लागतो. डोक्यावरच्या उन्हाला दिलेलं हे अगदी अचूक उत्तर होतं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या जरा आधी, किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेत गेली. त्यांच्यावर पडलं ते हेच जड माळवद आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती. त्या भिंतींना आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू होत्या, पण दोन्हींना एकत्र बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. धक्का बसताच भिंत उभी फाटली.

त्यानंतर मराठवाड्याने धसका घेतला आणि स्लॅबच्या घराकडे वळला. त्यात काहीच चुकीचं नव्हतं. ज्याच्या घरातली माणसं गेली त्याला 'मातीचं घर किती गार असतं' हे ऐकवणं क्रूरपणा आहे. निसर्गाविषयी हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी (म्हणजे आमच्यासारख्यांनी!) किल्लारी विसरू नये. माळवद उन्हाचा पेपर पास झालं, भूकंपाच्या पेपरात नापास झालं. स्लॅब, नीट बांधला तर, भूकंपाचा पेपर पास होतो, उन्हाच्या पेपरात नापास होतो. इंजिनिअरचं काम दोन्ही पेपर एकदम काढायचं आहे. हलकं पण उष्णता अडवणारं छत, बांधलेल्या भिंती, पांढरी गच्ची, सावली. यातलं काहीही चंद्रावरचं तंत्रज्ञान नाही. आपण फक्त पहिला पेपर सुटला म्हणून दुसऱ्याला बसलोच नाही.

साइट इंजिनिअर सुगरण

दोन्ही पेपर कसे काढायचे हे एका पक्ष्याकडून शिकता येतं. सुगरणीवरची बहिणाबाईंची कविता मराठी माध्यमवाल्यांना शाळेत होती, मला ती आजोबांकडून कळली. भाषेत आपण तिला 'सुगरण' म्हणतो, पण घरटं विणतो नर! (होस्टेलच्या मुलांनी नोंद घ्यावी.) डॉ. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्यांचं निरीक्षण केलं होतं. नर घरटं अर्धवट विणतो आणि थांबतो. मादी येते, आत-बाहेर बघते. पसंत पडलं तर पुढचं काम. नाही पडलं तर ते घरटं तसंच लटकत राहतं आणि नर दुसरं विणायला घेतो. इतकं कडक साइट इन्स्पेक्शन आपल्याकडे झालं तर किती इमारती अर्ध्यावर थांबतील?

आणि ते घरटं तरी कसं! विहिरीवर किंवा पाण्यावर वाकलेल्या फांदीच्या टोकाला, म्हणजे शत्रूला पोचता येऊ नये. दार खाली तोंड केलेल्या नळीत, म्हणजे पाऊस आत येऊ नये. बऱ्याचदा झाडाच्या पूर्वेच्या बाजूला, कारण आपला पाऊस-वारा नैर्ऋत्येकडून येतो. आत ओल्या मातीचे गोळे चिकटवलेले; घरटं वाऱ्यात फार हेलकावू नये म्हणून ते असावेत, असं एक मत आहे. वजन हलकं, मटेरियल आजूबाजूचं गवत. वारा, पाऊस, शत्रू, तीनही प्रश्न एका डिझाइनमध्ये. सुगरण पिंपळपानाच्या आकाराचं घरटं विणत बसत नाही.

मग आपण काय करायचं?

'हे सगळं छान आहे, पण खर्च? क्लायंट ऐकेल का?' हा प्रश्न आमच्या वर्गातही निघतो. माझं उत्तर असं की यातल्या बऱ्याच गोष्टींना खर्च कमी आणि विचार जास्त लागतो. खिडकी पश्चिमेऐवजी उत्तरेला काढायला सिमेंटची एक गोणीही जास्त लागत नाही. छज्जा दोन फुटांनी वाढवणं एसीपेक्षा स्वस्त आहे. आणि क्लायंट ऐकत नाही, कारण त्याला आकड्यांत कुणी सांगितलेलं नसतं. आकडे काढणं हे आपलं काम.

म्हणून माझ्या काही सूचना, विद्यार्थ्यांना आणि आदरणीय सरांना-मॅडमना.

पहिली, या उन्हाळ्यात होस्टेलच्या वरच्या मजल्यावरच्या दोन शेजारच्या खोल्या घ्याव्यात. एकीच्या छतावर चुन्याचा पांढरा हात मारावा, दुसरी तशीच ठेवावी. दोन्हींत साधे थर्मामीटर लावून महिनाभर दर तीन तासांनी नोंदी कराव्यात. खर्च एका पार्टीपेक्षा कमी. फरक किती पडतो ते वहीत आलं की पुढच्या वर्षी सगळ्या गच्चीसाठी अर्ज करताना आपल्या हातात फक्त तक्रार नसेल.

दुसरी, पाणचक्कीचं हौदाखालचं दालन, एखादा जुना वाडा आणि आपला लेक्चर हॉल, या तिन्ही ठिकाणी परवानगी घेऊन एकाच दुपारी तापमान मोजावं. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी तेच ते विषय फिरवण्यापेक्षा हे नक्कीच बरं. नहरींच्या उताराचा सर्व्हे हा विषय तर सर्व्हेइंगच्या प्रत्येक बॅचला पुरून उरेल.

तिसरी, कॅम्पसच्या पश्चिमेच्या बाजूला कडुनिंब लावावेत. आपण पास होऊन जाऊ तेव्हा ते खिडकीपर्यंत आलेले असतील. सावली ज्युनिअर्सना मिळेल, हरकत नाही. आपण ज्या झाडांखाली गाड्या लावतो तीही कुण्या सिनिअर्सनी लावलेली आहेत.

चौथी, डिझाइनच्या प्रत्येक शीटवर लोडच्या तक्त्याआधी चार ओळी लिहायची सवय लावावी: या साइटवर ऊन कुठून येतं, वारा कुठून, पाणी कुठून कुठे जातं, आणि पायाखाली काय आहे. मार्क मिळोत न मिळोत.

आज आपण विशीत आहोत. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत या शहरात, या मराठवाड्यात जी घरं, शाळा, दवाखाने उभे राहतील त्यांच्या ड्रॉइंगवर आपल्यातल्या कुणाच्या तरी सह्या असतील. मे महिन्यात त्या घरांत म्हातारी माणसं, लहान मुलं राहतील, आणि त्यांच्याकडे एसी असेलच असं नाही. ती आत सुखाने झोपतील की स्लॅबखाली भाजतील, हे आपल्या पेन्सिलवर ठरणार आहे. चला तर मग, एप्रिल लागायच्या आत चुना आणि थर्मामीटर घेऊन गच्चीवर भेटू!